त्रास होतोय म्हणजे औषध लागू पडतंय, असं नसतं

प्रश्न थोडक्यात असा आहे: सासूबाई ६१ वर्षांच्या. मोठ्या आतड्याचा कॅन्सर, तिसरा टप्पा, ऑपरेशन झालेलं. आता दर २१ दिवसांनी ऑक्झॅलिप्लॅटिनचं सलाईन आणि सोबत १४ दिवस सकाळ-संध्याकाळ कॅपेसिटाबिनच्या गोळ्या. पहिली सायकल बरी गेली, दुसऱ्या सायकलचा आज अकरावा दिवस. तळहात-तळपाय जळजळतात, काळे पडलेत, भाकरी थापता येत नाही. तीन दिवस झाले, दिवसातून पाच-सहा वेळा पातळ संडास, रात्रीही दोनदा उठावं लागतं. रक्तदाबाची गोळी आधीपासून चालू आहे. त्या म्हणतात, "त्रास होतोय म्हणजे औषध लागू पडतंय, एकही गोळी चुकवायची नाही." पुढची तारीख दहा दिवसांनी आहे. तोवर थांबलं तर चालेल का?

नाही, थांबू नका. आज संध्याकाळच्या गोळ्या देऊ नका आणि केमोच्या डे-केअरला आत्ताच फोन करा. फोन लागला नाही तर उद्या सकाळी त्यांना घेऊन जा, तारीख नसली तरी. मी सासूबाईंना तपासलेलं नाही, त्यामुळे गोळ्या पुन्हा कधी आणि किती सुरू करायच्या हे त्यांचे डॉक्टरच ठरवतील. पण आजची गोळी थांबवायची की नाही, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. रोजच्यापेक्षा चार ते सहा वेळा जास्त संडास होणं, किंवा रात्री झोपेतून उठून जावं लागणं, किंवा हातपाय दुखून रोजची कामं अडणं, यातलं एक जरी झालं तरी कॅपेसिटाबिन थांबवायची असते. तुमच्याकडे तिन्ही झालेली आहेत.

आता सासूबाईंच्या वाक्याबद्दल, कारण माझ्या मते खरी अडचण तिथेच आहे. गेली बावीस वर्षं मी केमो देतोय आणि हे वाक्य मला दर आठवड्याला ऐकू येतं. लस टोचल्यावर अंगात ताप भरला की "लागू पडली" म्हणायची आपली रीत, औषध कडू म्हणजे गुणकारी हा समज, आणि त्यात बाईमाणसाला सहन करण्याची लहानपणापासूनची सवय. त्यातून ही समजूत घट्ट बसते. तिच्यावर हसू नका, त्यांच्याशी वादही घालू नका. गोळी पोटात काय करते ते मात्र त्यांना सांगा.

कॅपेसिटाबिन ही स्वतः औषध नाही, औषधाची कच्ची सामग्री आहे. यकृतात आणि मग पेशींमध्ये तिचं रूपांतर होत होत शेवटी फाइव्ह-एफयू तयार होतं. हे औषध १९५७ पासून माहीत आहे आणि आजही आतड्याच्या कॅन्सरच्या उपचाराचा कणा तेच आहे. ज्या पेशी भराभर विभागतात त्यांना ते गाठतं. कॅन्सरच्या पेशी तशा असतातच, पण आतड्याचं आतलं अस्तरही तसंच असतं, काही दिवसांत नवं होणारं. ते अस्तर सोललं गेलं की जुलाब होतात. म्हणजे जुलाब एवढंच सांगतात की औषध आतड्याच्या अस्तरापर्यंत जास्त पोचलंय. कुठे एखादी कॅन्सरची पेशी उरली असेल तर तिचं काय झालं, हे जुलाब सांगू शकत नाहीत. हातपाय लाल झालेल्या रुग्णांमध्ये गुण थोडा जास्त दिसल्याची काही निरीक्षणं आहेत, ती मी लपवत नाही. पण त्याचा अर्थ त्रास वाढू दिला की गुण वाढतो, असा होत नाही.

आणखी एक गोष्ट त्यांना सांगा, हिचा बहुतेकांवर परिणाम होतो. या गोळीच्या मूळ चाचण्यांमध्येसुद्धा त्रास झाला की गोळी थांबवायची आणि डोस कमी करायचा, हे आधीच ठरलेलं होतं. आम्ही या उपचाराचा जो गुण सांगतो तो अशा थांबलेल्या, कमी झालेल्या डोससकटचाच आहे. चार दिवस गोळी थांबवली म्हणून उपचार मोडत नाही. आणि थांबलेल्या दिवसांच्या गोळ्या नंतर "भरून काढायच्या" नसतात. सायकलचा चौदावा दिवस संपला की त्या सायकलच्या गोळ्या बंद, पाकिटात उरल्या तरी. उरलेल्या गोळ्या मोजून परत आणून द्या, म्हणजे पुढचा हिशेब चुकत नाही.

न थांबवल्यास काय होतं, तेही सांगतो. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे अशीच एक आजी होती. दोन्ही हात पदराखाली. "कशा आहात?" विचारलं तर "बरी आहे." मुलगा म्हणाला, काही तक्रार नाही. मी हात बघायला मागितले. तिने पदर सोडला, पण मुठी उघडेना. बोटं सरळ करताना कातडी ताणून दुखत होती. करंगळीच्या बुडाशी चीर पडून रक्त सुकलं होतं. ब्लाउजचे हुक आठवडाभर सून लावत होती, हे तेव्हा कळलं. जीभ कोरडी ठक्क. जुलाब किती होतात, तर म्हणे "मोजले नाहीत." वरचा रक्तदाब ८० पर्यंत उतरलेला आणि तरी त्या दिवशी सकाळीही रक्तदाबाची गोळी घेतलेली. मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन दुपटीहून जास्त. तिला अकरा दिवस भरती ठेवावं लागलं. ती वाचली, घरी गेली. पण मुलाची रजा जायला नको म्हणून तिने सहा दिवस कळ काढली होती. आणि मी तिला आधी "त्रास झाला तर फोन करा" एवढंच सांगितलं होतं. किती त्रास म्हणजे त्रास, हे सांगितलं नव्हतं. तेव्हापासून मी आकडा सांगितल्याशिवाय कुणालाही घरी पाठवत नाही.

जुलाबात धोका असतो तो असा: पाणी जातं, रक्तदाब उतरतो, मूत्रपिंडाला रक्त कमी पडतं. मूत्रपिंड मंदावलं की हे औषध शरीराला आणखी बाधतं, आणि जुलाब आणखी वाढतात. या चक्रात रक्तदाबाची गोळी भर घालते, विशेषतः रामिप्रिल, टेल्मिसार्टन यांसारखी किंवा लघवी वाढवणारी. म्हणून फोनवर ती गोळी चालू असल्याचं न विसरता सांगा. जुलाब थांबेपर्यंत ती बंद ठेवायची का, हे विचारा. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर त्यांबद्दलही विचारा. हातपाय दुखतात म्हणून दुकानातून वेदनाशामक गोळी आणू नका. अशा वेळी त्या मूत्रपिंडाला इजा करू शकतात.

घरी आजपासून काय करायचं? ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यात, अर्ध्या लिटरात नाही. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, दोन्ही चहाच्या चमच्याने आणि सपाट. घोट घोट, दिवसभर. भाताची पेज, मुगाचं पाणी, केळं, मऊ भात आणि ताक चालेल. दूध आणि दुधाचा चहा बंद, कारण सोललेलं अस्तर दुधातली साखर पचवू शकत नाही. तिखट, तळलेलं, हिरव्या मिरचीचा ठेचा हे सगळं थोडे दिवस बाजूला.

जुलाब थांबवणाऱ्या लोपेरामाईडच्या गोळ्या बहुतेक डॉक्टर आधीच लिहून देतात. कागदावर असतील तर सुरुवातीला दोन, मग प्रत्येक पातळ संडासनंतर एक, आणि दिवसभरात आठच्या वर नाही. पण ताप असेल, संडासातून रक्त पडत असेल, पोट फुगून दुखत असेल तर लोपेरामाईड द्यायचीच नाही, सरळ दवाखाना गाठायचा. लघवी आठ तासांत झाली नाही, उभं राहिल्यावर चक्कर आली, किंवा प्यायलेलं सगळं उलटून पडत असेल तर फोनमध्ये वेळ घालवू नका. जवळच्या मोठ्या दवाखान्यात सलाईन सुरू होऊ द्या आणि तिथून तुमच्या डॉक्टरांना फोन लावून द्या.

आता हात. पुस्तकांत लिहिलेलं असतं की तळहात लाल होतात. ते गोऱ्या कातडीसाठी लिहिलेलं आहे. आपल्याकडे पुष्कळदा लाली दिसतच नाही. तळहाताच्या रेषा आणि बोटांची पेरं काळपट होतात, कातडी चकाकते, जाड वाटते. घरचे म्हणतात, "केमोने रंग काळवंडला," आणि विषय संपतो. म्हणून रंगावर जाऊ नका. मी नेहमी तीन गोष्टी विचारतो: गरम वाटी धरता येते का, कळ न येता चपलेत पाय घालता येतो का, हुक-बटण लावता येतं का. नुसती मुंग्या आल्यासारखी भावना असेल तर गोळी चालू ठेवता येते. या तीनांपैकी एकाचं उत्तर "जमत नाही" असेल तर थांबायचं. फोड आले, कातडी सुटली, तर मामला त्याच्याही पुढे गेलेला असतो.

गोळी थांबवल्यावर हात साधारण आठवडा-दोन आठवड्यांत निवतात. तोवर दहा टक्के युरियाचं मलम दिवसातून दोन-तीनदा, पण भेगा किंवा जखम असलेल्या जागी नाही, तिथे चुरचुरतं. कोमट नव्हे, साध्या पाण्याने हात धुवायचे. भाकरी थापणं, धुणं आपटणं, विळ्याने कापणं, तव्याजवळचं काम हे सगळं बंद, कारण दाब आणि उष्णता जिथे जास्त तिथेच हे औषध जास्त बोचतं. अंगठ्याची चप्पल काढून मऊ, सैल चप्पल द्या. घरात लग्नकार्य असेल तरी मेंदी लावू नका. रंगाखाली काय चाललंय ते आपल्याला दिसत नाही आणि बाजारच्या मेंदीत काय मिसळलेलं असतं ते कळत नाही.

दिल्लीच्या एम्समध्ये याच त्रासावर एक चांगली चाचणी झाली, २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. कॅपेसिटाबिन घेणाऱ्या २६४ रुग्णांपैकी निम्म्यांना हातांना लावायला डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाचं एक टक्का जेल दिलं, निम्म्यांना तसंच दिसणारं साधं जेल. त्रासदायक प्रमाणात हात-पाय बिघडण्याचं प्रमाण साध्या जेलच्या गटात १५ टक्के, डायक्लोफेनॅकच्या गटात ३.८ टक्के. जेल स्वस्त आहे, तालुक्याला मिळतं. पण ते त्रास होऊ नये म्हणून पहिल्या दिवसापासून लावलेलं होतं. आज भेगा पडलेल्या हातांवर ते चोपडू नका. पुढच्या सायकलच्या आधी डॉक्टरांना विचारा. याउलट व्हिटॅमिन बी-सिक्सच्या गोळ्या आपल्याकडे सर्रास लिहिल्या जातात, पण नीट घेतलेल्या चाचण्यांत त्यांचा उपयोग दिसला नाही.

अंगठ्याचा प्रश्न तुम्ही विचारला नाही, पण तो येईल. कॅपेसिटाबिनने बोटांचे ठसे पुसट होतात. डिसेंबर २००८ मध्ये सिंगापूरच्या एका रुग्णाला अमेरिकेच्या विमानतळावर याच कारणाने काही तास थांबवून ठेवल्याची नोंद आहे. आपल्याकडे रेशनच्या मशीनवर अंगठा लागत नाही आणि म्हातारी माणसं रिकाम्या पिशवीने परत येतात. घरातल्या कार्डावरच्या दुसऱ्या माणसाचा अंगठा चालतो, त्यालाच पाठवा. बँकेसाठी लागलं तर डॉक्टरांकडून दोन ओळींचा दाखला घेऊन ठेवा.

ऑक्झॅलिप्लॅटिनचं काम वेगळं आहे. ते नसांना लागतं. सलाईननंतर चार-पाच दिवस माठातलं पाणीसुद्धा घशाला टोचल्यासारखं वाटतं, फ्रिजमधलं काही हातात घेतलं की झिणझिण्या येतात. घसा आवळल्यासारखा झाला की माणूस घाबरतो, पण श्वास खरा अडकलेला नसतो. कोमट पाणी प्यायलं की सुटतं. हा त्रास जातो. न जाणारा वेगळा: पुढच्या सलाईनच्या दिवशीही बोटं बधिर असणं, सुईत दोरा न ओवता येणं, अंधारात चालताना पाय कुठे पडतोय ते न कळणं. हा साठत जातो आणि काहींना वर्षानुवर्षं पुरतो, म्हणून दर सायकलला त्याबद्दल सांगायलाच हवं. इथे एक प्रश्न डॉक्टरांना जरूर विचारा: "यांना तीन महिने पुरतील की सहा हवेत?" २०१८ मध्ये सहा चाचण्यांमधल्या १२,८३४ रुग्णांची एकत्र आकडेवारी आली. तिसऱ्या टप्प्यातल्या कमी जोखमीच्या रुग्णांना, म्हणजे गाठ फार खोल गेलेली नाही आणि तीनपर्यंतच लसिकाग्रंथी बाधित आहेत अशांना, हाच उपचार तीन महिने देऊन सहा महिन्यांइतकाच गुण दिसला आणि नसांचा त्रास खूपच कमी झाला. तुमच्या सासूबाई त्या गटात बसतात का, हे ऑपरेशननंतरच्या पॅथॉलॉजीच्या रिपोर्टवरून कळतं. तो रिपोर्ट सोबत न्या.

तापाबद्दल मी सगळ्यांना एकच आकडा पाठ करायला लावतो: १००.४. घरात थर्मामीटर नसेल तर आज घ्या. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली असतात, म्हणजे सासूबाई आत्ता त्याच दिवसांत आहेत. थर्मामीटरने १००.४ दाखवलं की रात्रीचे दोन वाजले असले तरी फोन आणि दवाखाना. पॅरासिटामॉल देऊन "सकाळी बघू" असं करू नका. गोळीने पारा उतरतो, संसर्ग उतरत नाही. अशा तापात अँटिबायोटिक शिरेतून तासाभरात सुरू व्हावं लागतं. आणि एक विनंती: गावातल्या डॉक्टरांकडे गेलात तर कमरेत इंजेक्शन घेऊ नका. प्लेटलेट कमी असतील तर तिथे रक्त साकळतं. केमो चालू आहे हे आधी सांगा, फाइल दाखवा.

कॅपेसिटाबिनने क्वचित हृदयाच्या रक्तवाहिन्या आकसतात. छातीत दुखलं, आवळल्यासारखं वाटलं की गोळी तिथेच बंद आणि लगेच ईसीजी. "गॅस असेल" म्हणून सोडा पाजू नका. तसंच, पहिल्याच सायकलमध्ये तोंडभर छाले, जोरदार जुलाब आणि ताप एकदम आले असते तर मी वेगळी शंका घेतली असती. काहींच्या यकृतात हे औषध मोडणारं डीपीडी नावाचं विकर जन्मतःच कमी असतं, त्यांना नेहमीचा डोसही विषासारखा होतो. जनुकाच्या तपासणीत ते कळतं. तुमच्याकडे पहिली सायकल बरी गेली आहे, त्यामुळे ही शक्यता कमी वाटते. तरी डॉक्टरांना विचारायला हरकत नाही.

शेजारच्या बाईंना इम्युनोथेरपी, म्हणजे रोगप्रतिकारशक्तीलाच कॅन्सरविरुद्ध चेतवणारं औषध, चालू असेल तर हे सगळं त्यांना सांगू नका. तिथे जुलाब होतात ते रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच आतड्यावर उलटल्याने, आणि उपाय असतो स्टेरॉइडचा. तिथे लोपेरामाईडने जुलाब दाबून ठेवणं महागात पडतं.

काढ्यांबद्दल लोक मला सांगत नाहीत, म्हणून मी स्वतः विचारतो. कोविडच्या काळात मुंबईत गुळवेल घेतलेल्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याचं तिथल्या डॉक्टरांनी छापलेलं आहे. केमो चालू असताना यकृतावर दुसरं ओझं नको. आणि "शक्तीसाठी" म्हणून दिली जाणारी फोलिक ॲसिडची गोळी कॅपेसिटाबिनचा त्रास वाढवू शकते. घरात ती पट्टी असेल तर डॉक्टरांना दाखवा. रक्त पातळ करणारी वॉर्फरिन किंवा फिटसाठी फेनिटॉइन चालू असेल तर तेही. या दोन्हींचं प्रमाण कॅपेसिटाबिनमुळे रक्तात वाढतं.

एक वही करा. नातवाची जुनी वही चालेल. रोज रात्री चार गोष्टी: संडास किती वेळा, ताप किती, काय आणि किती प्यायल्या, हात कसे. न्यूयॉर्कमध्ये ७६६ रुग्णांवर एक चाचणी झाली होती, २०१७ मध्ये तिचे निकाल आले. केमो घेणाऱ्यांपैकी काहींनी आपले त्रास ठरावीक काळाने संगणकावर नोंदवले, आणि त्रास वाढला की नर्सला लगेच कळत असे. इतरांना नेहमीसारखं तारखेला विचारलं जाई. नोंदवणाऱ्यांपैकी निम्मे ३१ महिन्यांहून जास्त जगले, दुसऱ्यांपैकी निम्मे २६ महिन्यांहून. औषध बदललेलं नव्हतं, त्रास वेळेवर सांगितला गेला होता. सासूबाईंना हे वाचून दाखवा. सहन करून त्यांना जे मिळवायचं आहे, ते सांगून मिळतं.

आणि आता फोन. सिस्टर घाईत असतात, म्हणून "जरा त्रास होतोय" असं म्हणू नका. असं म्हणा: "सासूबाईंचं वय ६१, कॅपेसिटाबिन आणि ऑक्झॅलिप्लॅटिन, दुसऱ्या सायकलचा अकरावा दिवस. तीन दिवस पाच-सहा जुलाब, रात्री दोनदा. हात दुखतात, काम करता येत नाही. रक्तदाबाची गोळी चालू आहे. ताप इतका. लघवी शेवटची इतक्या वाजता. आज संध्याकाळची गोळी मी थांबवली आहे. आत्ता आणू का, आणि रक्ताच्या कुठल्या तपासण्या करून आणू?" हे कागदावर लिहून घ्या, ताप बघा, आणि मग नंबर फिरवा.